बोरगावे टोपीवाल्यांची जागा

नगारखाना रस्त्यावर एखादी इमारत जळाली, की शेजारच्या दोन इमारती सरकून तिची जागा घेतात. बाजार जुना आणि दाटीचा. पिढ्यान् पिढ्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या इमारतींना एकदा ऐसपैस बसावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही, हे नगरपालिकेलाही मान्य आहे. फक्त जळक्या जागेवर मालकाचा रुमाल असेल, तर सरकायचं नाही. एसटीत जो नियम, तोच इथे.

म्हणून मार्गशीर्षात बोरगावे टोपीवाल्यांचं दुमजली दुकान जळालं, तेव्हा बंब परत जायच्या आत शालन बोरगावे यांनी दिवंगत नवऱ्याचा रुमाल राखेच्या मधोमध टाकला, त्यावर वीट ठेवली, आणि मगच त्या रडायला बसल्या.

दुकान फेट्यांचं, टोप्यांचं, रुमालांचं. पोटापाण्याचं दुसरं साधन नव्हतं. देवळाच्या ओसरीवर उसन्या बाकावर बसून शालनबाई लग्नाघरचे फेटे बांधत आणि नवीन दुकानाची परवानगी यायची वाट पाहत. दुकान होतं तसंच बांधायचं, लाकडी कमानीसकट, अशी नगरपालिकेची अट होती. ते कसं होतं हे ठरवण्यात हिवाळा गेला. रुमाल मात्र जागेवर होता. डावीकडची गुगळे भांडीवाल्यांची इमारत आणि उजवीकडची होनराव घड्याळवाल्यांची, दोघी अंग चोरून बसल्या होत्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शालनबाईंच्या हातून चूक झाली. फेट्याच्या धंद्यात मळलेलं कापड नजरेसमोर ठेवायचं नाही, अशी त्यांच्या सासऱ्यांची शिस्त. रुमाल राखेनं काळा झालेला. सणाला तो तसा बघवेना. त्यांनी तो घरी नेला, धुतला, खळ दिली, वाळवला, इस्त्री केली. संध्याकाळी घडी घालून आणला, तर दुकानाच्या जागी एक बोळ उरला होता. तोही आडवं होऊन शिरण्यापुरता.

"नंदूभाऊ, हे काय?"

"काय, वहिनी?" गुगळे दारातच उभे होते. त्यांच्या दुकानात दुपारपासून मोठ्या पिंपांना छान जागा झाली होती.

"ही जागा माझी होती."

"तुमचीच होती की. पण रुमाल दिसेना. आम्हाला वाटलं, तुम्ही अलीकडच्या स्टॉपला उतरलात."

"धुवायला नेला होता."

गुगळ्यांनी होनरावांकडे पाहिलं. म्हातारे होनराव डोळ्याला भिंग लावून बसले होते. ते भिंग त्यांनी काढलं. "शालन, जागेवरचा रुमाल कुणी धुतं का गं?"

दुसऱ्या दिवशी, सणाची सुट्टी असूनही, नगरपालिकेचे शिरसीकर टेप घेऊन आले. माणूस सज्जन होता. नियमाबाहेर कुणाचं वाईट करत नसे.

"रुमाल आहे बाई, पण जागा नाही," ते म्हणाले. "आणि बसलेल्याला उठवायची तरतूद नाही. भिंती भिडल्या, की तुमचा नंबर रस्त्यावरून वगळायचा."

"भिडल्या नाहीत तर?"

"तर जागा आहे असं धरायचं. पण भिडतील. अजून सैल होतायत दोघी."

शालनबाईंनी पदर खोचला आणि त्या बोळात शिरल्या.

आत अंधार होता. डावीकडच्या भिंतीतून तांब्या-पितळेची किणकिण ऐकू येत होती, उजवीकडून घड्याळांची टिकटिक. किणकिण जरा मोठी झाली, तशी भिंत दंडाला लागली. थोड्या वेळानं उजवी भिंत लागली. कोपरं सोलली. छाती भरून श्वास घ्यायचा, तर जागा नव्हती.

"वहिनी, बाहेर या," गुगळे ओरडले. त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती. "इमारतीला काय कळतंय मध्ये कोण आहे ते?"

"मग तिला सांगा सरकायला."

"जागा कुठंय? तुम्हीच बघा."

भिंतीनं आणखी बोटभर अंग टाकलं. आणि श्वास अर्ध्यावर अडकलेला असताना शालनबाईंच्या ध्यानात आलं, की आपण मागतोय तेच चुकतंय. एसटीत उभा माणूस जागा मागत नाही. जागा मागितली की बसलेला खिडकीबाहेर बघतो.

"जब्बारभाई," नव्या दुकानासाठी ठरवलेला गवंडी बाहेर उभा होता, त्याला त्यांनी आतून हाक मारली, "विटा द्या."

"परवानगीशिवाय बांधता येणार नाही," शिरसीकर म्हणाले.

"बांधत नाही साहेब. नुसतं टेकवतेय."

शिरसीकरांनी पुष्कळ विचार केला. "टेकवायला परवानगी लागत नाही," ते अखेर म्हणाले.

जब्बारभाईंनी एकेक वीट आत सरकवली. शालनबाईंनी जुन्या दगडी उंबऱ्यावर त्या एकावर एक रचल्या. कमरेइतकी, अंग चोरलेली एक भिंत झाली. तिच्यावर आगीतून वाचलेली पत्र्याची पाटी उभी केली. मग त्यांनी दोन्हीकडच्या भिंतींवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जरा टेकू द्या हो. लांब नाही जायचं."

किणकिण थांबली. घड्याळं थांबली. मग उजवी भिंत दंडावरून बोटभर सरली. थोड्या वेळानं, जरा नाराजीनं, डावीही सरली.

शालनबाई बाहेर आल्या, तेव्हा पातळाला दोन्हीकडचा चुना लागला होता. शिरसीकरांनी टेप गुंडाळली. "टेकलेल्याला उठवायचीही तरतूद नाही," ते म्हणाले, आणि सणाचं घरी गेले.

पुढचं रीतसर झालं. रस्त्यावर ट्रकनं करकचून ब्रेक लावला, की सगळ्या इमारती पुढे होऊन मागे बसत, आणि टेकलेली भिंत तेवढ्यात जरा आत सरके. जब्बारभाई मोकळ्या झालेल्या जागेत विटा भरत. परवानगी आली. रामनवमीच्या ढोलांनी खालचा मजला बसला, गणपतीच्या मिरवणुकीनं वरचा. दसऱ्याला कमान चढली. नगरपालिकेनं जुना फोटो लावून पाहिला. काही फरक नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर रस्त्याच्या टोकाच्या खानावळीच्या ढवळेमामी दुकानात आल्या. शालनबाई एका नवरदेवाला फेटा बांधत होत्या.

"शालन, अगं माझी अर्धी खानावळ गटारावर आलीय. रोज थोडी थोडी जातेय. तुमच्याकडून जरा सरकता येईल का?"

शालनबाईंनी डावीकडच्या भिंतीकडे पाहिलं, उजवीकडच्या भिंतीकडे पाहिलं.

"जागा कुठंय, मामी? तुम्हीच बघा."

मामींनी पाहिलं. खरंच नव्हती. बाहेर ट्रकनं ब्रेक लावला. दुकान पुढे होऊन मागे बसलं, पहिल्यापेक्षा जरा ऐसपैस. टोकाकडून भांडी पडल्याचा आवाज आला.

मामींनी मान वळवून टोकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एखादा रुमाल असला तर दे."

शालनबाईंनी फेट्याचं टोक दातात धरलं, खालच्या कप्प्यातून एक रुमाल काढून मामींच्या हातात दिला, आणि टोक तोंडातून सुटल्यावर म्हणाल्या, "धुवू नका."