आप्पासाहेबांचा जर्मन कंटाळा

आमचे शेजारी आप्पासाहेब वकील जांभईसुद्धा जर्मनमधून देत. अमरावतीच्या बाररूममध्ये दुपारी ते तोंड उघडत, आळोख्यापिळोख्यांबरोबर एक लांबलचक जर्मन शब्द बाहेर पडे आणि मागून खुलासा येई, "हा पोटाचा कंटाळा नाही बाबू, आत्म्याचा आहे."

ही भाषा त्यांना परतवाड्याजवळच्या मिशनमधल्या जर्मन पादरीबाबांनी शिकवली. वाचायला जर्मन कादंबऱ्याही त्यांच्याच. आप्पासाहेब सांगत त्यावरून सगळ्यांत गोष्ट एकच. माणसाला सगळं मिळालेलं, पण मन कशात नाही. निम्मं पुस्तक तो खिडकीशी बसून काढतो आणि शेवटी एका रिकाम्या चर्चमध्ये गुडघे टेकतो. तिथे आप्पासाहेब पुस्तक आपटत. "टेकले लेकानं! मले कावून नाही टेकता येत?"

एकदा त्यांनी कापसाच्या खटल्यातल्या आशिलालाच विचारलं, "तुले कंटाळा येते का रे?"

"येते ना सायेब. तारखेवर तारीख पडून राहिली."

घरी ते एकटेच. वहिनी गेल्या तेव्हापासून देवघराला कडी होती. रविवारी मोटारीने परतवाडा गाठायचा. पादरीबाबांना संत्र्याच्या कलमांबद्दल बोलायचं असे, यांना आत्म्याबद्दल. दोघंही आपापलं बोलून खूश.

मग लढाई पेटली आणि सरकारने पादरीबाबांना, जर्मन म्हणून, नजरकैदेत नेलं. पुढच्या रविवारी आप्पासाहेब मला म्हणाले, "चाल, उगाच पाहून येऊ."

मिशनच्या चर्चमध्ये थोडी माणसं बसली होती. वाचून दाखवणारं कोणी उरलं नव्हतं. एका म्हातारीनं मराठी प्रार्थनेचं पुस्तक आप्पासाहेबांपुढे धरलं.

"वकीलसायेब, तुमी वाचा."

"माय, माहा विश्वास नाही."

"आमचा हाये ना. तुमी नुसतं वाचा."

कोर्टात गरजणाऱ्या माणसानं ओळीखाली बोट धरून, शाळकरी पोरासारखं वाचलं. सगळे गुडघ्यांवर बसले होते. आप्पासाहेब तेवढे उभे. मध्येच एकदा ते थांबले, खाली बसलेल्यांकडे पाहत राहिले. बंद दुकानाच्या काचेतून माणूस आत पाहतो ना, तसे. मग पुढे वाचू लागले.

निघताना म्हातारी पायरीपर्यंत आली. "पुढच्या आयतवारी या. आमी वाट पाहू."

परतताना मोटारीत मी विचारलं, "काही वाटलं का, तिथं?"

"नाही रे. काहीच नाही झालं मले."

पूर्णेचा पूल येईपर्यंत ते बाहेर बघत होते. पूल मागे पडला तेव्हा, मला की स्वतःला कोण जाणे, हळूच म्हणाले, "वाट पाहू म्हणे ती. माही."