लटारूच्या गालांवरील खड्ड्यांचा वृत्तांत

सुज्ञ वाचकहो, सन एकोणीसशे चौपन्न साली सावली मुक्कामी गालांवरील खड्डे शस्त्र न चालविता, केवळ सुईच्या अग्राने बुजविण्याचा जो प्रयोग झाला, त्याचा साद्यंत वृत्तांत येथे सविनय सादर करण्यात येत आहे.

लटारूस तारुण्यात मुरुमे आली व गेली; मात्र जाताना त्यांनी त्याचे गाल बैल फिरून गेलेल्या धानाच्या बांधीसारखे करून ठेविले. दोन ठिकाणचे पाहुणे चहा पिऊन, गाल पाहून परतले होते. आता चामोर्शीचे गुणवंतराव आपली कन्या मनकर्णा हिच्यासाठी दुपारी येणार होते. म्हणून त्याची आई रुखमाबाई हिने सकाळीच गोंदणाऱ्या सुकरीस पाचारण केले.

"खड्ड्याच्या बुडाले सुई लावली का मास वर येते," सुकरी म्हणाली. "रंग नाई, कापाकापी नाई. हालू नोको, बापू."

"दुखन काय?"

"बायका हातभर गोंदतेत. तुले दोन गाल जड होऊन राह्यले?"

दुपारपर्यंत गाल पुरीप्रमाणे फुगले. खड्डा औषधालाही उरला नाही. रुखमाबाई कृतार्थ झाली.

गुणवंतरावांनी मात्र लटारूकडे पाहून कपबशी खाली ठेविली.

"बाई, तुमचा दुसरा पोरगा नाई काय? गालावर खड्डे असलेला?"

शेजाऱ्यांनी चहाडी केली, असे रुखमाबाईस वाटले. "आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या गालावर खड्डा नाई, भाऊ. देवीची शपथ."

"मंग घर चुकलं," गुणवंतराव उठले. "बाजारात माहा बैल सुटला, गाडग्यांच्या दुकानात घुसला. सावलीच्या एका खड्डेवाल्या पोट्ट्यानं त्याले आवरलं. मनकर्णा म्हणते, करीन तर त्यालेच."

"तो मीच होय, मामाजी," लटारू कळवळून म्हणाला.

"तुह्या मायनं देवीची शपथ घेतली. आता देवीले खोटी म्हनू का तुले?"

गुणवंतराव नावेने परतण्यासाठी वैनगंगेच्या घाटाकडे निघाले. मागे लटारू, त्यामागे रुखमाबाई. घाटावर पोहोचताच लटारूने आपले मुख गार पाण्यात बुडविले. श्वासापुरते वर काढी, गाल दाखवी व पुन्हा बुडवी.

"दिसले काय?"

"नाई अजून."

दोन डोंगे पैलतीरी गेले. तिसऱ्या डोंग्यातील उतारू चढलेच नाहीत. संकष्टीच्या चंद्राची वाट पाहावी तसे सारे लटारूच्या गालाकडे टक लावून बसले. दिवस कलता कलता गुणवंतरावांनी बोट टेकविले.

"हा एक निंगाला. अन् हा दुसरा. पोट्टा तोच हाय." मग ते रुखमाबाईकडे वळले. "पण शपथेचं काय, बाई?"

"शपथ घेतली तवा नव्हतेच खड्डे, भाऊ. देवीनं सोता पाह्यलं."

गुणवंतरावांनी घाटावरच सुपारी फोडली.

ही वार्ता पसरताच सावलीतील अविवाहित तरुणांची सुकरीच्या दारी रांग लागली. प्रत्येकाचे एकच मागणे होते, की आम्हांस खड्डे पाडून द्यावे.

"सुई तेच हाय," सुकरी म्हणाली. "जरा दाबून टोचीन."

त्या रांगेत तिसऱ्या क्रमांकावर प्रस्तुत लेखक उभा होता. त्याचे गाल आठ दिवस सुजले व पुनश्च पूर्ववत गुळगुळीत झाले. स्थळ अद्याप आलेले नाही. वाचकांनी येथवर लक्ष दिले, याबद्दल त्यांचा ऋणी,

देवाजी नथ्थू भोयर, इयत्ता पाचवी (अपूर्ण), मुक्काम सावली.