चालू कार्यक्रम बंद करावेत

तांड्यावरच्या खेमसिंगची नात पुष्पा हिचं लग्न अक्षय तृतीयेला ठरलं, ते साल दोन हजार चौदा. कापूस त्या वर्षीही बोंडातच नासला होता. खेमसिंगच्या दोन्ही डोळ्यांत मात्र मोतीबिंदू पिकला होता. घरात तेवढंच एक पीक भरघोस आलं होतं. सरकारी नेत्रशिबिरात त्याचा नंबर लागला होता. लग्नाआधी डोळे उघडावेत आणि नात नवरी झालेली दिसावी, एवढीच त्याची इच्छा.

त्याच सुमारास तालुक्याच्या कचेरीतल्या संगणकाला नवी प्रणाली बसवायचं ठरलं. पूर्वतयारीचं परिपत्रक आलं. इंग्रजी सूचनांचं शुद्ध मराठी वर कुठंतरी करण्यात आलं होतं: 'श्रेणीवर्धनापूर्वी सर्व चालू कार्यक्रम बंद करावेत.' बडेबाबू मधुसूदन यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तालुक्यातले सगळे चालू कार्यक्रम बंद केले. टँकर थांबले. हिवतापाची फवारणी थांबली. प्रौढांचा साक्षरता वर्ग ग गणपतीपर्यंत येऊन बसला. नेत्रशिबिरही गेलं. संगणक तेवढा सुरू राहिला, कारण त्यावरचा पत्त्यांचा डाव कार्यक्रमाच्या व्याख्येत बसत नव्हता.

खेमसिंगची बायको रुपीबाई त्याचा हात धरून कचेरीत आली.

"साहेब, डोळ्याचं शिबिर काहून बंद केलं?"

"मावशी, सुरक्षिततेसाठी. कार्यक्रम चालू राह्यला अन् मधातच बिघाड झाला, तं सगळी माहिती जाते."

"अन् ह्याची नजर गेली तं?"

"त्याचा परिपत्रकात उल्लेख नाही."

"तुमच्या मशीनले झोपवाचं हाये, तं तिचे डोळे मिटा ना," खेमसिंग म्हणाला. "माह्ये कायले?"

मधुसूदन माणूस वाईट नव्हते. त्यांनी दोघांना चहा पाजला.

नवी प्रणाली सुखरूप बसली. परिपत्रकात पुढं होतं: 'तदनंतर सर्व कार्यक्रम पुन्हा सुरू करावेत.' सुरू करायचं म्हणजे उद्घाटन आलं. उद्घाटन म्हणजे मंत्री आले. आणि आचारसंहिता लागलेली, म्हणून मंत्री येऊ शकत नव्हते.

"बाबा, लगन पुढं ढकलता येते का?" मधुसूदन यांनी कळवळून विचारलं. "निवडणूक तं ढकलता येत नाही."

लग्न मुहूर्तावर लागलं. खेमसिंगनं नातीचा चेहरा हातांनी चाचपला. बोटं ओली झाली, तेव्हा म्हणाला, "हो, नवरीच दिसते पोरगी."

श्रावणात शिबिराचं उद्घाटन थाटात झालं. मंत्र्यांनी फीत कापली. पहिला रुग्ण म्हणून खेमसिंगचं नाव पुकारलं, तेव्हाही तुम्ही-आम्ही टाळ्याच वाजवल्या.

खेमसिंग ज्येष्ठी पौर्णिमेला वारला होता.