डोळ्यांवर दस्ती

भर दुपारी, दुकान सताड उघडं ठेवून, डोळ्यांवर दस्ती, म्हणजे हातरुमाल, बांधून कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज पाहतो. परळीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे आणि त्याला लागून मन्मथअप्पांचं दुकान. मधली भिंत अर्धीच बांधलेली आहे, त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू येतं आणि माझं गिऱ्हाईक त्यांना.

सुरुवातीला लोक हा प्रकार बघून थेट माझ्या काउंटरवर यायचे. "शेजारच्या अप्पाचे डोळे आलेत का हो? थेंब द्या की त्यांला." मी सांगायचो, डोळेबिळे काही आलेले नाहीत, ते काम करताहेत. यावर लोक माझ्याकडेच संशयानं बघायचे.

अप्पा वेबसाइट तयार करतात. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सही करतात, पण ते पोटासाठी. जीव सगळा वेबसाइटमध्ये. कॉम्प्युटरमध्ये म्हणे एक सोय असते, पडद्यावरचा मजकूर एक बाई मोठ्यानं वाचून दाखवते. अप्पा तिला मावशी म्हणतात. साइट पुरी झाली की ते दस्ती बांधतात, माऊस बाजूला सारतात आणि मावशीचं बोट धरून सगळीकडून एक चक्कर मारून येतात. "मावशी जिथं अडखळली तिथं माझं चुकलं," असं त्यांचं म्हणणं. मावशीचे उच्चार मात्र भयंकर. 'बाजरी बियाणे' ती अशा काही सुरात म्हणते, की ते आजाराचं नाव वाटावं.

सिरसाळ्याकडचे एक नाना वेबसाइट करून घ्यायला आले होते. जुने सरपंच, आता पुढाऱ्यांत ऊठबस. त्यांनी स्वतःचे फोटोच फोटो आणले होते. हार घालताना, हार घालून घेताना, हाराकडे बघताना. अप्पांनी सगळे लावले आणि नानांच्या डोळ्यांवर दस्ती बांधली. मावशी बोलू लागली, "चित्र. चित्र. चित्र. चित्र."

"ही काय म्हणायलीय?" नानांनी विचारलं.

"नाना, मावशी तुमाला वळखत न्हाई," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "हरेक फोटोखाली लिवा, ह्या दिवशी गावासाठी काय केलं ते. मंग वळखंल."

नानांनी दस्ती काढली आणि फोटो बराच वेळ चाळले. शेवटी त्यांनी एकच ठेवला, गावात नळ आला त्या दिवसाचा. पण सोबत त्यांचा पुतण्या आला होता, तो ऐकेना. "अप्पा, फोटोभोवती एवढी मोकळी जागा कावून सोडली? तिथं काय प्लॉट पाडायचेत का?"

"ती जागा बघणाराला बसायला हाय," अप्पा म्हणाले. "माणूस आत आला की त्येला कुठंतरी टेकू दे की बे."

हे वेड दुकानापुरतं असतं तर ठीक. अप्पांना सगळी दुनियाच वेबसाइट दिसते. एका लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो, भात आधी आला आणि वरण कुठे दिसेना, तर हे म्हणतात, "नेव्हिगेशन चुकलं वाढप्याचं." माझ्या मेडिकलमध्ये उभे राहिले की मान हलवतात. "डॉक्टर, तुमचं होमपेज लई गर्दीचं हाय. ताप आलेला माणूस इथं काय शोधंल?" मी डॉक्टर नाही, औषधं विकतो, हे मी कितीदा तरी सांगितलं. ते म्हणतात, पाटी बदलायला लागत न्हाई तोवर चालू द्या.

आणि मग त्यांचा 'माल'. रोज सकाळी माझ्या मोबाइलवर अप्पांचा एखादा दुवा येऊन पडलेला असतो, खाली एवढंच लिहिलेलं, "लई खास माल." इंटरनेटवर कुठल्या कुठल्या आडगल्लीत जाऊन ते हे शोधतात. परदेशातला एक माणूस रस्त्यावर टाकून दिलेल्या खुर्च्यांचे फोटो काढून ठेवतो, बाकी काही नाही. एका पानावर बटण दाबलं की बेडूक ओरडतो, परत दाबलं की दुसऱ्या जातीचा. एक म्हातारी दीपस्तंभाजवळ राहते आणि आज समुद्र कसा आहे, ते एका ओळीत लिहिते. त्या ओळीचं मराठी अप्पा मला भिंतीवरून ओरडून सांगायचे, "डॉक्टर, आज लाटा बारीक हायत!" मी इकडे कुणाला तरी पित्ताच्या गोळ्या समजावून सांगत असायचो.

"ह्याचा उपयोग काय, अप्पा?" मी एकदा विचारलं.

"उपयोग न्हाई म्हणून तर खास हाय. कुणी इकायला बसलेलं न्हाई तिथं. माणसाला आवडलं, त्यानं मांडलं, अन् दार उघडं ठिवलं."

गेल्या वर्षीपासून हा माल वाढला. दिवसाला एक यायचा, तिथं ओळीनं येऊ लागले. दस्तीही साइट नसताना बांधलेली दिसू लागली. दस्ती बांधूनच ते डबा सोडायचे, पाणी प्यायचे, ड्रॉवरमधली कात्री काढायचे. दिवेलागण झाली की दुकान बंद करून तडक घरी. आधी आम्ही दोघं चहा घेऊन गप्पा मारत बसायचो, ते संपलं. बाजारात काही जण म्हणू लागले, अप्पा घ्यायला लागलेत, चालताना धडकतात. मला ते पटत नव्हतं, पण एकदा माझ्याच दारातल्या मोटारसायकलला ते अडखळले आणि मोटारसायकलची माफी मागून पुढे गेले, तेव्हा मीही गप्प राहिलो.

मग एके दिवशी दुपारी ते कपाळ धरून माझ्याकडे आले. बोटांतून रक्त येत होतं. रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा होता, त्याच्या आरशावर ते सरळ चालत गेले होते. चांगल्या उन्हात. मी त्यांना आत स्टुलावर बसवलं, जखम धुतली, पट्टी लावली. वास तर कसलाच नव्हता.

"अप्पा, एवढा मोठा टेम्पो दिसला नाही?"

"समोरचं दिसतंय, डॉक्टर. कडंचं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले होते. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं वाळत चालला होता. आधी अंधारातलं दिसेना झालं, मग बाजूचं. आता पाइपातून बघावं तेवढंच उरलं होतं आणि तेही आक्रसत जाणार. औषध नाही, चष्मा नाही. किती वर्षं, ते डॉक्टरही सांगत नव्हते.

लोक म्हणायचे अप्पांचे डोळे आलेत. ते जात होते, आणि एका भिंतीपलीकडे मी थेंब विकत बसलो होतो.

"म्हणून दस्ती?" मी विचारलं.

"पयल्यांदा खरंच साइटीसाठी बांधायचो. आता सराव. एकदम अंगावर येण्यापरीस थोडं थोडं जाऊन बघून यावं म्हणलं." त्यांनी कपाळावरची पट्टी चाचपली. "अन् तो माल तुमाला धाडतो, ते साठवण करायलोय. जेवढं हाय तेवढ्यात बघून घ्यावं."

"वहिनींना सांगितलं?"

"न्हाई. पोरीच्या लग्नानंतर आत्ता कुठं जरा निवांत झालीय ती. तुमीबी सांगू नका."

मी हो म्हणालो. पण ते ओझं जड होतं. शैलावहिनी महिन्याच्या गोळ्या न्यायला माझ्याकडेच येतात. त्या आल्या की मी उगाच खोकी लावत बसायचो.

एकदा त्या गोळ्या घेऊन निघाल्या आणि परत फिरल्या. "भाऊजी, पायरीला लावायचा पांढरा रंग कुठं चांगला मिळंल? चुना टिकंना."

"पायरीला रंग?"

"कडंला पट्टा मारते. त्यांला पायरी दिसावी म्हणून." त्या अगदी सहज बोलत होत्या. "घरातली चीजवस्तू मी जागची हलवत न्हाई आता. पाण्याची घागर, चपला, खुंटीवरचा सदरा, सगळं तिथल्या तिथं. दारं एकतर उघडी न्हाईतर लावलेली, अर्धी ठिवत न्हाई. पोरगी लातूरहून आली अन् पलंग सरकवला, तर तिच्यावर वरडले मी. तिला कळंना आईला काय झालं."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. "तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"भरलेल्या ताटात चटणी कडंला वाढली की ऱ्हाऊन जायची. त्यांला लई आवडती चटणी. मंग मी मधी वाढायला लागले, तर संपायला लागली." त्यांनी पदर सारखा केला. "त्यांला वाटतंय मला ठावं न्हाई. तेवढ्यानं त्यांला बरं वाटत असंल तर मी कशाला बोलू?"

रंगाचं दुकान सांगून मी त्यांना वाटेला लावलं. पुढचे काही दिवस मला भिंतीपलीकडचं बोलणं ऐकणं अवघड झालं. दोघं एकमेकांना जपत होती आणि दोघांचंही गुपित माझ्याकडे. मी अप्पांना दोनदा सांगायला गेलो, दोनदा चहा पिऊन परत आलो.

शेवटी मला काही करावंच लागलं नाही. त्या दिवशी अप्पा दस्ती बांधून बसले होते. मावशीची टकळी चालू होती आणि 'माला'तल्या कुठल्याशा पानावर ती एकाच ठिकाणी अडली होती. "चित्र. चित्र." फोटोखाली कुणी काही लिहिलेलं नसलं की तिचंही काही चालत नाही.

"डॉक्टर," अप्पांनी हाक मारली, "जरा या हो. बघा ह्यात काय हाय."

मी उठलो, तेवढ्यात शैलावहिनी डबा घेऊन दुकानात शिरताना दिसल्या. त्यांनी मला हातानंच थांबवलं. डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या, "धुणं हाय."

अप्पा जागच्या जागी थिजले. त्यांचा हात दस्तीच्या गाठीकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या ती," वहिनी म्हणाल्या. "मी सांगते की."

हात तिथंच राहिला, मग हळूच खाली आला. भिंतीच्या अलीकडे मी उभाच होतो. बाहेरून वीज केंद्राची राख भरलेला एक टिप्पर धडधडत गेला.

"कसलं धुणं?" अप्पांनी विचारलं.

"दोरीवर वाळू घातलंय. कुण्या मुलखातलं हाय काय की. एक चादर हाय, नीट पिळली न्हाई, पाणी गळायलंय. दोन पायजमे. बाईचा एक झंपर. लेकराचं काई न्हाई. दोघंच ऱ्हात असतील."

"अजून?"

"एक सदरा हाय, तांबडा."

"कसला तांबडा?"

वहिनी पडद्याजवळ झुकल्या. नीट बघितलं. "करडईचं फूल सुकायला लागतंय तवा होतो बघा, तसा."

अप्पांनी मान वर केली आणि काही वेळ तशीच ठेवली.

"हां," ते म्हणाले. "आता फुडचं दाव."

शैलावहिनींनी डबा बाजूला सरकवला आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.