नानाची एक वीत

नाना मोटारीला अहो-जाहो करायचा. माणसांना नाय, फक्त मोटारीला. सकाळी हातात फडकं घेऊन तिच्यापुढं उभा राहायचा आन विचारायचा, "उठलात का बाई? निघायचं का?" ती खोकायची, काळा धूर सोडायची. मग नाना टोपी सारखी करून आत बसायचा.

कुणी दार जोरात लावलं की झालंच. "दुसमां, दुसमां! मोटारीचं दार हाय ते, गोठ्याचं फाटक नाय!" दुसमां म्हणजे आमच्या मॉरिशसच्या क्रेओलात हळू. हा शब्द नानाच्या तोंडात चोवीस तास. जेवणाऱ्याला दुसमां, हसणाऱ्याला दुसमां. एकदा माझी बायको मला झाडूनं मारत होती, तर हा कुंपणावरून तिला सांगतो, "वैनी, दुसमां!" थांब नाय म्हणाला. हळू मार म्हणाला.

मोटार काळी, इंग्रजी, साखर कोठीच्या, म्हणजे कारखान्याच्या, सायबाची जुनी. नाना तिच्यावर आमच्या सुरिनाम गावापासून माएबूर्गपर्यंत टॅक्सी चालवायचा. मागच्या बाकावर सहा माणसं कोंबायचा, कोंबडी असली तर सात जीव. पण पुढं, त्याच्या डाव्या हाताला, कुणी बसायचं नाय. बैठकेत मुलाबाळांना मराठी शिकवणारे मास्तर एवढे मानाचे, त्यांनासुद्धा मागं.

"पुढं जागा हाय की, नाना!"

"ती भरलेली हाय."

नानाची बायको, राधावैनी, जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला झालाय. मी जातीचा लोहार, मला वाटायचं दोन आटे पिळले की घट्ट होईल.

मी गणू. उसाच्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचो. मोटारीतलं मला एवढंच ठाऊक होतं की तिला बैल नसतात.

तर त्या साली मोठं सिक्लोन, म्हणजे वादळ, आलं. नानाच्या दारातला फणस मोटारीच्या टपावर बरोबर मध्ये पडला. झाड नाय, फळ. टपाला घमेल्याएवढा खड्डा, मागच्या उजव्या दाराची काच फुटली. तसली मोटार नाना माझ्याकडं घेऊन आला. त्याच दिवशी त्याला बहिणीकडच्या लग्नाला फिनिक्स गावाला जायचं होतं. बस भोंगा वाजवत होती. धावता धावता ओरडला, "गणू! टप ठोकून सरळ कर, आन एक वीत काप! पुढच्या डाव्या दाराला हात लावू नको! त्या दाराचं काय झालं तर मी मेलो, समज!"

आता इथं माझं नशीब बघा. क्रेओलात काचेला म्हणतात वीत. आन मराठीत वीत म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. आम्ही मोरिसची माणसं, एका वाक्यात दोन भाषा कालवून खातो. नाना म्हणाला क्रेओलातली वीत, मला ऐकू आली मराठीतली.

मी खड्डा मोजला. बरोबर एक वीत खोल! म्हटलं, नाना काय डोक्याचा माणूस हाय. खड्डा वर काढण्यापेक्षा बाकीचा टप खड्ड्याच्या पातळीला खाली आणायचा!

करवत घेतली आन टपाचे खांब एकेक वीत कापले. वीत माझीच. माझा पंजा असा, की मी नमस्कार केला तर समोरचा दोन पावलं मागं सरतो. डाव्या दाराला हात लावू नको म्हणाला होता खरा, पण टप तीन बाजूंनी खाली आणून चौथीकडं वर ठेवता येतो का? सांध्यांना डाग दिले, टप बसवला. मोटार दिसायला लागली कासवासारखी.

आता काचा बसेनात. दोन काढून कापायला गेलो. चर्रर्र... दोन्हींचा साबुदाणा झाला. तिसरी पुढच्या डाव्या दाराची. तिच्यावर वरच्या अंगाला ओरखडे होते, मांजरानं नखं मारल्यासारखे. ओरखड्याची काच सरळ कापत नाय, म्हणून ती बाजूला टाकली.

मोटारीच्या काचा मागवायच्या म्हणजे आगबोटीनं. तोवर नाना येणार, मी मरणार. मग म्हटलं, गावात काय काचेला तोटा हाय? मागच्या डाव्या दाराला चिनी दुकानदाराच्या जुन्या कपाटाची सरकती काच लावली. तिला बोट घालायला भोक होतं, वाऱ्याला तेवढीच सोय. मागच्या उजव्या दाराला बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, त्याच्यावर बाग आन कुत्रं. बसणाऱ्याला बाहेरचं काय दिसत नव्हतं, पण जे दिसायचं ते चांगलं होतं. पुढं डावीकडं माझ्या सासऱ्याच्या फोटोची काच. इतकी वर्षं चिकटून सासऱ्याच्या मिश्या काचेवर उमटल्या होत्या, त्या पुसूनही गेल्या नाहीत. आन नानाच्या बाजूला काच पुरेना, तर बायकोच्या कपाटाचा आरसा. उजवीकडं बघितलं की नानाला नानाच दिसणार.

आठव्या दिवशी नाना आला. मोटारीभोवती एक फेरी मारली. मी विळी, कोयती, हातोडा, सगळं आधीच लपवून ठेवलं होतं.

"गणू, हे काय?"

"एक वीत कापली, नाना. तुमीच म्हणाला."

नाना माझ्या पंजाकडं बघत राहिला. मग त्याला उमगलं आन तो खाली बसून हसायला लागला. इतका हसला की मीच म्हणालो, "दुसमां, नाना." कुत्र्याला बघून हसला, आरशाला बघून टोपी सारखी केली. मग डाव्या दाराशी आला. सासऱ्याच्या मिश्या बघितल्या. हसू गेलं.

"इथली वीत कुठं हाय?"

"ती? ओरखड्यांची होती ती, नाना. बाद. पिल्लांच्या खुराड्यावर ठेवलीय, ऊन यायला."

म्हातारा धावला. जन्मात पहिल्यांदा धावताना बघितला. खुराड्यावरून काच उचलली, कोंबडीची घाण सदऱ्याच्या बाहीनं पुसली, उन्हाकडं धरली. फुटली नव्हती. मला म्हणाला, "वाच."

"मला कुठं वाचता येतं, नाना?"

"मला पण नाय येत." त्यानं ओरखड्यांवर बोट ठेवलं. "एवढंच येतं. हा रा. हा धा. दोघांना एकेक काठी. बैठकेत शिकून आली नवी नवी, काच अर्धी खाली होती, नाकातल्या खड्यानं लिवलं चालत्या मोटारीत. आन मी मोटार खराब केली म्हणून माएबूर्गपासून घरापर्यंत तिला बोललो. ती उतरताना म्हणाली, दुसमां बोला की."

मी काच दोन्ही हातांनी त्याच्याकडून घेतली आन मोटारीकडं गेलो.

काच कापायची हिंमत मला नव्हती. तशीच अख्खी दारात सोडली आन मूठ फिरवली. काच वर आली, अर्ध्यावर टपाला टेकली, थांबली. बरोबर बसली. खालची अर्धी दाराच्या पोटात, वरची अर्धी बाहेर, आन नाव बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. म्हणजे कुठलीच काच कापायची गरज नव्हती. नुसती कमी फिरवायची होती. हे मी बायकोला अजून सांगितलं नाय, आरसा तिचा होता.

टप नानानं तसाच ठेवला. मान तिरकी करून चालवायचा, डावीकडं कललेली, कुणाचं ऐकत असल्यासारखी. लोक मला हसायचे, त्यांना वाटायचं मानेला जागा नाय म्हणून.

बैठकेतले मास्तर मला कधीचे म्हणतायत, गणू, निदान सही तरी शीक. माझं नाव मला अजून लिहिता येत नाय. राधावैनीचं येतं.