नमस्कार आणि पोलादाची ताकद

उणे चाळीस अंशांच्या अल्कोहोलमधून काढलेला पोलादाचा तुकडा जेमतेम पाच सेकंद थंड राहतो. मग तो ऊब धरू लागतो, आणि ऊब मिळाली की पोलादही माणसासारखे सोशीक होते. म्हणून थंडीत ते तुटते का हे पाहायचे, तर नियम असा, की पाच सेकंदांत त्याच्यावर हातोडा पडला पाहिजे.

टाट्रा पर्वताच्या पायथ्याच्या आमच्या पोलाद-तपासणी संस्थेत तुकडे हातोड्यापर्यंत नेण्याचे काम सिप्रियानकाकांचे. वाटेत भेटेल त्याला नमस्कार केल्यावाचून पुढे जाणे आमच्याकडे असभ्य समजतात, आणि काका तर तब्येतही विचारत. त्यांच्या हातचे पोलाद सहसा तुटत नसे.

संख्याशास्त्र पाहणाऱ्या झेल्मीराबाईंनी आलेख काढला. दर नमस्कारामागे पोलादाची ताकद नऊ टक्क्यांनी वाढत होती (सासूची चौकशी केल्यास चौदा). काका रजेवर असताना तेच पोलाद काचेसारखे फुटले होते.

संस्थेच्या संचालक समितीने याची गंभीर दखल घेतली आणि रजेच्या काळातले तुकडे 'असभ्य वातावरणात तपासलेले' म्हणून वगळले. उरलेल्यांची सरासरी डोळ्यांचे पारणे फेडणारी आली.

त्याच पोलादाचे खांब डोंगरावरच्या नव्या रोपवेला लागले होते. तो सुरू करण्याचा निर्णय दोन हिवाळे लोंबकळत होता. आता शनिवारी उद्घाटन होते, पहिल्या फेरीचा मान शाळेच्या मुलांचा होता, आणि अडले होते फक्त बाईंच्या सहीपाशी.

"अहो बाई, सरासरी बघा ना!" संचालक शिम्कोसाहेब म्हणाले.

"साहेब, पाळणा सरासरीला टांगलेला नसतो. सगळ्यात कच्चा खांब कोसळला की संपलं."

"उणे चाळीस काय रोज होतं?"

"खांब तरी कुठे रोज पडतो? एकदाच पडतो."

"हवं तर मी वर जाऊन खांबांनाही नमस्कार करून येतो," काका म्हणाले. ते मनापासून बोलत होते.

बाईंनी पेनाचे टोपण काढले. "ठीक आहे, करते सही. फक्त पहिल्या फेरीला मुलांऐवजी समिती बसेल. शनिवारीच, पहाटेच्या कडक थंडीत."

उपसंचालकांना तत्काळ चक्कर येण्याचा जुना विकार आठवला. हिशेबनीसांच्या घरी नेमके शनिवारीच पाहुणे यायचे निघाले. (वाचकांनी हसू नये. आपण आज ज्या पुलावरून आलात, त्याची सरासरी आपण तरी कुठे विचारलीत?)

शिम्कोसाहेबांनी खिडकीतून डोंगराकडे पाहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "खांब उतरवा."