लंगडा तारा

“सांगतो, पण तुमच्यातल्या एकाचाही इश्वास बसणार नाय!” डोमाजीनं ग्रामसभेत उभं राहून उपरणं झटकलं, आणि भीमपूरकडच्या त्या गावानं बसल्या जागी मांडी बदलली. डोमाजीची सुरुवात अशी झाली की लवकर उठता येत नाही, हे शेळ्यांनाही ठाऊक होतं!

प्रश्न एका खांबाचा होता. सरपंच भागीरथाबाईंना टेकडीवरच्या शाळेपुढं भला मोठा दिवा लावायचा होता. नेमकी तिथंच संघपाल सरांची दुर्बीण. तोंड रांजणाएवढं, उंची डोमाजीपेक्षा जास्त, आतला आरसा सरांनी स्वतः घासलेला. दिवा लागला की सरांचं आकाश बुडालं! शेवटी भागीरथाबाई म्हणाल्या, “गावातल्या एखाद्या जाणत्या माणसानं पाहून यावं. पाहासारखं असन, तर दिवा दुसरीकडं.”

जाणता माणूस कोण, हे डोमाजीनं दुसऱ्या कुणाला ठरवूच दिलं नाही.

“जेवून वर गेलो,” तो सांगू लागला. “सर म्हणे, तेजोमेघ दाखवतो. तारा म्हातारा होऊन मराले टेकला की अंगावरचं वायूचं पांघरूण फेकून देते, तो मेघ. मी म्हणलं, सर, म्हातारा अन् पांघरूण फेकते? या थंडीत?”

सभा हसली. सर हसले नाहीत. आपली अख्खी दुर्बीण या माणसाच्या जिभेला टांगलेली आहे, हे त्यांना दिसत होतं.

“सर म्हणे, लय फिका असते. थेट पाहू नका, जरा बाजूले पाहा, मंग दिसते. मी म्हणलं, समजलं! पंगतीत शेजाऱ्याच्या ताटात पाहतो तसं!”

पण डोळा लावायची काच उंच होती. सर स्टूल आणायला शाळेत गेले. डोमाजीच्या हातात पाण्याची भरलेली कॅन. ती जमिनीवर ठेवायची नाही, बैलगाडीच्या जुवाला अडकवायची, ही त्याची जन्माची सवय. इथं जू नव्हतं. दुर्बिणीचं तोंड होतं. त्यानं टाचा उंचावून तिथं अडकवली. दुर्बीण हळूहळू मान खाली घालू लागली, आणि काच आपसूक त्याच्या डोळ्यापुढं आली! पोटभर पाहून झालं, सर परतताना दिसले तशी त्यानं कॅन काढून घेतली. दुर्बिणीनं पुन्हा मान वर केली.

हे काही तो सभेत बोलला नाही. एवढ्याशा कॅनचं काय सांगायचं?

“अन् दिसलं काय?” भागीरथाबाईंनी विचारलं.

“पिंजलेला कापूस! पांढरा, मऊ, ढीगच्या ढीग!”

संघपाल सर चमकून पुढं सरकले. “काका, मधोमध तारा दिसला का? तो मोठ्या मोठ्यांना दिसत नाही.”

इथं डोमाजीला थांबता आलं असतं. पण कॅनसारखीच गोष्टही त्यानं कधी खाली ठेवली नव्हती.

“दिसला मंजे? चालून राह्यला होता!”

“तारा?”

“मंग! ढिगाच्या या कडेपासून त्या कडेलोक. अन् लंगडत! एक पाऊल टाके, थांबे, मंग दुसरं. म्हातारा तारा, सर. गुडघे गेले असतीन!”

भागीरथाबाईंनी पदर सावरला. “लंगडा तारा आपल्याच गावातून दिसत असन, तर तिथं दिवा नको बाबा.” हात भराभर वर झाले. सरांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मागच्या रांगेत डोमाजीची रुक्माबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

“अजी, तो तारा मी होती!”

“तू?” डोमाजीचं उपरणं खांद्यावरून घसरलं.

“दव पडून राह्यलं होतं, म्हणून टॉर्च घेऊन टेकडीखालच्या आपल्या अंगणातला कापूस झाकाले गेली होती! आभाळ पाहाले गेला माणूस, अन् घरचाच कापूस पाहून आला!”

“तरीच दुर्बिणीचं तोंड ओलं होतं! काका, पाण्याची कॅन तिथं अडकवली होती ना?” सर ओरडले.

हसून हसून भागीरथाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “मंग वो रुक्माबाई, खांब कुठं लावाचा?”

“टेकडी सरांले राहू द्या. आमच्या अंगणात लावा,” रुक्माबाई म्हणाली. “मंजे पुढच्या बारीले बुढ्याले बायको तरी ओळखू येईन!”